मोटारसायकलची अलॉय चाके: पावडर कोटिंग करावे की रंग?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची दीडशे सीसीची मोटारसायकल आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम आणि दोन्ही चाके काळ्या रंगाची अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही, परंतु चाकांकडे पाहवत नाही. गाडीची निम्मी हयात शेतरस्त्यावर गेली आहे. पावसाळ्यात काळी माती चाकाला थापून बसते आणि वाळल्यावर ती खरवडताना तिच्याबरोबर रंगही निघतो. त्यातच खताच्या गोण्या याच गाडीवरून वाहिल्या जातात. आता व्हॉल्व्हच्या भोवती आणि रिमच्या कडेला पांढरी भुकटी धरली असून तेथे नख लावले की रंगाचा पापुद्रा उचलला जातो.

नुसत्या दिसण्याचाच प्रश्न असता तर मी लिहिलेही नसते. टायर ट्यूबलेस आहेत आणि मागच्या चाकातील हवा चार-पाच दिवसांत निम्म्यावर येते. पंक्चरवाल्याने चाक दोनदा पाण्यात बुडवून पाहिले. बाभळीचा काटा कोठेही सापडला नाही, बुडबुडे येतात ते रिमच्या कडेने. दोन वर्षांपूर्वी मी घरीच चाके पॉलिश पेपरने घासून स्प्रेच्या डब्याने काळा रंग मारला होता, पण पुढच्याच खेपेला टायर काढताना टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लागताच तो खपलीसारखा सुटला.

आता पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी मारून ती भट्टीत भाजणे, करून घ्यावे असे मनात आहे. लोखंडी कपाटांना कोटिंग करणाऱ्या एका कारखान्यात विचारले, तेव्हा ‘चाक रात्रभर कॉस्टिकच्या टाकीत टाकू, सकाळी लख्ख मिळेल’ असे उत्तर आले. हे योग्य आहे का? जुना रंग काढण्याचे काम मे महिन्याच्या सुटीत घरीच करता येईल का? आणि मुळात पावडर बरी की रंग? आमच्या वडिलांचे म्हणणे विचाराल तर ते एवढेच म्हणतात, ‘रंग कसाले जोयजे, चाक फिरस ना?’ त्यांचेही खोटे नाही, पण हवा जाते तिचे काय करायचे?

लेथवाला, जळगाव

भाऊ, आधी कॉस्टिकचे बोलू. तुमचे चाक त्या टाकीत कोणत्याही परिस्थितीत जाऊ देऊ नका. कपाटे, पलंग, खिडक्यांच्या जाळ्या ही सगळी लोखंडाची कामे आहेत. कॉस्टिक लोखंडाला धक्का न लावता जुना रंग आणि तेलकटपणा तेवढा सोडवते, म्हणून ती टाकी त्यांच्याकडे कायम भरलेली असते. अॅल्युमिनियमला मात्र कॉस्टिक सोडा अक्षरशः खातो, हायड्रोजन वायू फसफसत सुटतो आणि धातू झिजत जातो. माझ्या ओळखीच्या एकाने स्कूटरच्या इंजिनाचे झाकण असेच रात्री टाकीत सोडले होते. सकाळी बाहेर काढले तेव्हा त्यावर काळी काजळी धरलेली, बोल्टची भोके सैल झालेली आणि कडा पापडासारख्या पातळ. उन्हाकडे धरले तर एका जागी आरपार दिसत होते. झाकणाच्या बाबतीत फार तर तेल गळेल. चाकाच्या बाबतीत काय होईल ते लिहायची गरज नाही. लोखंडाचा गंज काढायची तेजाबाची टाकी असते, तीही अॅल्युमिनियमसाठी तितकीच वाईट.

अॅल्युमिनियमसाठी दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे रंग सोडवणारे रसायन, म्हणजे पेंट रिमूव्हर, आणि दुसरा ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून रंग उडवणे. ब्लास्टिंग करणाऱ्याकडे गेलात तर तो चाकावर काय मारणार आहे ते आधी विचारा. काचेचे मणी किंवा बारीक अॅल्युमिनियम ऑक्साइड कमी दाबाने मारले तर उत्तम. लोखंडी ग्रिट वापरणाऱ्याकडे अजिबात देऊ नका, कारण लोखंडाचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढच्या पावसाळ्यात कोटिंगच्या आतून गंजाचे ठिपके वर येतात. नदीची वाळू मारणारेही आहेत. त्या धुळीतील सिलिकाने मारणाऱ्याची फुप्फुसे कायमची जातात, तेव्हा ते काम स्वस्त पडते म्हणून करून घेऊ नये असे माझे मत आहे.

चाक देण्याआधी ते पूर्ण मोकळे करून द्या. टायर, व्हॉल्व्ह, डिस्क, मागच्या हबमधील (चाकाच्या मधल्या जाड भागातील) रबर आणि दोन्ही बाजूंची बेअरिंगे काढलीच पाहिजेत. बेअरिंगे आत ठेवून भट्टीत घातले तर ग्रीस वितळून बाहेर येते, कोटिंगला डोळे (गोल खळगे) पडतात आणि बेअरिंगही कामातून जाते. ती काढताना हातोड्याने बडवू नका. हब हॉट एअर गनने सगळीकडून सारखा तापवा, पाण्याचा थेंब चरचरेल इतपतच. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे बेअरिंगचे घर (ते बसते तो खळगा) आपोआप ढिले होते आणि थोड्या ठोक्यात बेअरिंग बाहेर येते. बसवताना नवे बेअरिंग रात्रभर फ्रिजरमध्ये ठेवा, हब पुन्हा कोमट करा आणि दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, ती विसरू नका. ती नसेल तर अॅक्सल आवळताच दोन्ही बेअरिंगे जाम होतात. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून नवीन जोडी आधीच आणून ठेवावी, कारण काढलेली पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो.

आता मास्किंग, म्हणजे जेथे पावडर नको त्या जागा झाकणे. कोटिंगवाल्याच्या डोळ्यांदेखत हे करून घ्या, नाहीतर पुढचे काम माझ्यासारख्या लेथवाल्याकडे येते. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतो. बेअरिंगच्या घरात दोन्ही बाजूंनी तेवढा थर चढला की व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही जास्त कमी होतो, आणि तेथील घट्टपणा मुळात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो. मग लोक ते घर पॉलिश पेपरने घासतात, ते अंडाकृती होते आणि सहा महिन्यांत चाक डुलू लागते. डिस्क जेथे टेकते ती गोल पट्टीही उघडीच राहिली पाहिजे. तेथे पावडर राहिली तर एक म्हणजे डिस्क वाकडी बसून ब्रेकचा लिव्हर हाताला थरथरतो, आणि दुसरे, जे अधिक वाईट, बोल्टखालचा थर हळूहळू दबून बोल्टचा ताण कमी होतो. बोल्टच्या आट्या, मागच्या ड्रमची आतली लोखंडी लायनर आणि अॅक्सलचा कॉलर टेकतो ती जागा सिलिकॉनच्या बुचांनी आणि उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकावी. साधी मास्किंग टेप भट्टीत करपते आणि तिचा चिकट राळ धातूवरच राहतो.

भट्टीबद्दल आमच्याकडे सर्रास एक चूक होते. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर दहा ते वीस मिनिटे शिजावी लागते, परंतु ही वेळ धातू त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची असते, चाक भट्टीत ढकलल्यापासून नव्हे. कपाटाचा पातळ पत्रा काही मिनिटांतच तापतो, तर तुमच्या चाकाचा जाड हब त्याच भट्टीत कितीतरी वेळ थंड राहतो. पत्र्याच्या सवयीने चाक बाहेर काढले की आरे शिजलेले आणि हब कच्चा. कोटिंग गार झाल्यावर हबवर आतल्या बाजूला थिनरने भिजवलेले फडके काही वेळा घासा. फडक्याला रंग आला किंवा तो भाग मऊ पडला तर काम कच्चे आहे. उलट बाजूने अतिही नको. अनेक कास्ट चाकांच्या धातूला कारखान्यात १५० ते १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवून ताकद आणलेली असते. एकदा नीट भाजल्याने चाक बिघडत नाही, पण २०० च्या पुढे जाऊ देणे, किंवा रंग पसंत पडला नाही म्हणून तेच चाक दोन-तीन वेळा भाजणे हे टाळायलाच हवे.

कास्टिंगमध्ये बारीक छिद्रे असतात आणि इतक्या वर्षांत त्यांत तेल मुरलेले असते. भट्टीत ते वायू होऊन वर येते आणि पावडरला टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात. म्हणून पावडर मारण्याआधी रिकामे चाक एकदा भट्टीत तापवून घाम काढून घ्यायला सांगा.

शेवटचा मुद्दा पावडरचा. कपाटवाल्याकडे बहुधा इपॉक्सी आणि पॉलिएस्टरची मिश्र पावडर असते, ती घरातल्या वस्तूंसाठी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, त्या उन्हात ती पावडर लवकरच निस्तेज होते आणि हाताला खडूसारखी भुकटी लागते. बाहेरच्या वापरासाठीची शुद्ध पॉलिएस्टर पावडर मागा आणि तिच्या खोक्यावरचे लेबल स्वतः वाचा.

रंगारी, धुळे

वरच्या उत्तरातील तांत्रिक भागाशी मी सहमत आहे, परंतु पावडरच करा असा सूर त्यातून निघतो, तो मला पटत नाही. मी महामार्गालगत गाड्या रंगवण्याचे काम करतो आणि पावडर केलेली चाकेही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. पावडरचा थर जाड आणि चिवट असतो हे खरे. मात्र टॉमीने कडेचा टवका उडाला की तेथून पाणी आत शिरते आणि थराखालून अॅल्युमिनियम पांढरे पडत जाते. वरून चाक चकचकीत दिसत राहते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. तो टवका बुजवण्यासाठी पावडर पुन्हा लावता येत नाही. संपूर्ण चाक सोलावे लागते. ज्यांच्या गाडीचे टायर यंत्रावर निघतात त्यांनी पावडर अवश्य करावी. ज्यांचे टायर बसस्टँडसमोर टॉमी आणि पायाच्या जोरावर निघतात, त्यांना मी दोन घटकांचा (रंग आणि हार्डनर मिसळून मारायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंगच सुचवतो. टवका उडाला तर तेवढाच भाग घासून, प्रायमर देऊन त्याच दिवशी नीट करता येतो.

आपला पहिला रंग खपलीसारखा का निघाला याचे कारण रंगात नसून खालच्या धातूत आहे. अॅल्युमिनियम घासले की काही क्षणांतच त्यावर ऑक्साइडचा थर पुन्हा धरू लागतो आणि साधा स्प्रे त्याला नीट धरत नाही. पांढरी भुकटी मुळापासून निघेपर्यंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ३२० च्या पेपरने घासावे, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावे आणि त्यानंतर हात न लावता, शक्यतो त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमर मारावा. भुकटीचा एक ठिपका जरी राहिला तरी वर्षभरात तेथेच फुगवटा येतो. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्यासाठी योग्य कार्ट्रिजचा मास्कच लागतो. मास्क मिळत नसेल तर मारण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

आपण मे महिन्यात घरी रंग सोडवणार आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच जोरकस पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते आणि ते साधारण ४० अंशांनाच उकळते. म्हणजे आपल्याकडच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा आतून दाब धरून बसलेला असतो. माझ्या शिकाऊ मुलाने दुपारी दोन वाजता झाकण एकदम फिरवले आणि ते जेल त्याच्या मनगटावर उडाले. पाण्याखाली हात धरेपर्यंत कातडी लाल झाली होती. हे काम पहाटे, उघड्यावर करावे. बंद खोलीत तर मुळीच नाही, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असून खाली साचते आणि माणसाला गुंगी येते, त्यातून जीवही जाऊ शकतो. डबा आदल्या रात्री थंड जागी ठेवावा, झाकण फडके धरून हळूहळू सैल करावे. लेप जाड द्यावा आणि तो उडून जाऊ नये म्हणून वर मल्चिंग पेपरचा तुकडा गुंडाळावा. शेतकऱ्याच्या घरी तो असतोच. अर्ध्या तासात रंगाच्या सुरकुत्या पडतात, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने तो ओढून काढावा. पत्र्याच्या खरवडणीने अॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि चकाकीच्या रंगातून ते सगळे दिसतात.

रंग मारण्याचे कामही सकाळी दहाच्या आत उरकावे. भर उन्हात गनमधून निघालेला थेंब चाकाला लागण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. थिनर संथ वाळणारा घ्यावा.

केळीबाग, रावेर

अलॉयबद्दल दोघांनी लिहिले आहेच, मी स्पोकच्या चाकांबद्दल थोडे लिहितो, कारण हा प्रश्न वाचून कोणीतरी जुन्या गाडीची क्रोम रिम घेऊन कोटिंगवाल्याकडे जाईल आणि मी केलेली चूक पुन्हा करील. वडिलांच्या राजदूतच्या रिमवरचा क्रोम ठिकठिकाणी फुटला होता. मी तो तसाच ठेवून वरून काळी पावडर मारून घेतली. क्रोमचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की पावडरला धरायला जागाच मिळत नाही. दिवाळीला केलेले काम आषाढात साल निघावी तसे निघाले. नंतर प्लेटिंगच्या कारखान्यात आधी क्रोम आणि त्याखालचा निकेल उतरवून घेतला, मग हलके ब्लास्टिंग केले आणि तेव्हा कुठे पावडर टिकली.

रिम देण्यापूर्वी स्पोक उघडावे लागतात. त्याआधी फोटो काढा आणि हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा, नाहीतर जुळणी करताना चाक साखळीच्या ओळीत येत नाही. स्पोक स्वच्छ करण्यासाठी तेजाबात टाकू नका. तेजाबातून निघणारा हायड्रोजन त्या कडक पोलादात शिरतो आणि स्पोक ठिसूळ होऊन चालत्या गाडीत तुटतो. नवा संच घेतलेला बरा. निपल (स्पोक आवळायची छोटी चकती-नट) जेथे बसते त्या खळग्यातील पावडर काढून टाका. ती राहिली तर काही दिवसांत दबते आणि सगळे स्पोक ढिले पडतात. तरीही पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा कारागिराकडे नेऊन आऊट (फिरताना चाक डुलते तो फरक) काढून घ्यावा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन मिलिमीटर ही मर्यादा दिलेली असते, परंतु चांगला कारागीर एकाच्या आत आणून देतो.

केळीचा चीक नव्या पांढऱ्या किंवा सोनेरी चाकावर पडला तर काळा डाग पडतो आणि तो जात नाही, हे रावेर-यावलच्या मंडळींना वेगळे सांगायला नको. काळाच रंग घ्यावा.

बोरीकाठ, अमळनेर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कॉस्टिकचा विचार सोडून दिला. लेथवाले दादा, हवा जाते त्या कडेचे काय करावे, ते कृपया सांगा. टायर जेथे चिकटून बसतो त्या पट्टीवरही पावडर मारून घ्यावी का?

लेथवाला, जळगाव

हवा तेथूनच जाते आहे. पांढऱ्या भुकटीने पट्टी खडबडीत झाली की टायरची कड नीट टेकत नाही. त्या पट्टीवर पावडरचा जाड थर नको, कारण गनची पावडर कडांवर जास्त साचते, त्याच्या गाठी होतात आणि टॉमी लागली की पहिला टवका तेथेच उडतो. उघडे अॅल्युमिनियमही ठेवू नका, ते पुन्हा पांढरे पडेल. पट्टी बारीक पेपरने गुळगुळीत करून पावडरच्या वेळी झाकून घ्या आणि नंतर तिच्यावर इपॉक्सी प्रायमरचा एकच पातळ हात द्या. रंगारी भाऊंचे टॉमीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. अमळनेरात टायर उतरवायचे यंत्र असलेले दुकान शोधा आणि मगच पावडरचा खर्च करा.

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. रंग उतरल्यावर लगेच कोटिंगला देऊ नका. भेगा तपासण्याचे तीन डबे मिळतात: एक स्वच्छ करण्याचा, एक लाल द्रवाचा, एक पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल द्रव लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, पुसा आणि पांढरा मारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आरे जेथे हबला आणि रिमला मिळतात त्या कोपऱ्यांत विशेष पाहा.

बोरीकाठ, अमळनेर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. रिमूव्हर पहाटे पाच वाजता, मल्चिंग पेपर गुंडाळून लावला. कारखान्याचा मूळ रंग दोन लेपांत निघाला. मी मारलेला स्प्रे तर पाच मिनिटांत चिखल होऊन वाहून गेला. पुढचे चाक निर्दोष निघाले. ते काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून, माझ्यासमोर मास्किंग करून पावडर केले आहे. हबला थिनरचे फडके घासले, रंग आला नाही.

मागच्या चाकावर मात्र एका आऱ्याच्या मुळाशी, रिमकडच्या बाजूला, साधारण दोन सेंटिमीटरची लाल रेघ उमटली. पुसून पुन्हा केले, तरी तीच रेघ त्याच जागी आली. म्हणजे हवा कदाचित केवळ कडेनेच जात नव्हती. येथे एकजण म्हणतो की आर्गॉन वेल्डिंगने भरून देतो, वरून पावडर मारली की दिसणारही नाही. काय करावे?

लेथवाला, जळगाव

दिसणार नाही, हीच त्यातली अडचण आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची कमावलेली ताकद निघून जाते आणि पुढची भेग जोडाच्या शेजारून सुरू होते. ते चाक भंगारात द्या, पण देण्याआधी रिम करवतीने कापून द्या, म्हणजे कोणी ते रंगवून पुन्हा विकणार नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आज सकाळी कापले. वडिलांनीच दुसऱ्या बाजूने धरले होते. नवे मागचे चाक मागवले आहे, ते कारखान्याच्याच रंगात येईल, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या काळ्या रंगात थोडा फरक राहणार.